मेळघाटातलं पारंपरिक ज्ञान आणि विज्ञान: तरुणांसाठी दोन्ही एकत्र कसं येतं?

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात पायविहीर हे कोरकू आदिवासींचं गाव आहे. २०१२ मध्ये गावाला सुमारे १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 'खोज' या संस्थेच्या साथीने गावाने उजाड जमिनीवर रोपं लावली, पाणी अडवलं, राखण केली. तिथली सीताफळं थेट मुंबईत विकली गेली. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कारही मिळाला. कामासाठी गाव सोडणाऱ्या तरुणांना जंगलानेच थांबण्याचं कारण दिलं.

सामूहिक वनहक्क म्हणजे काय?

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेला पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी ग्रामसभेच्या समितीने आराखडा करायचा असतो. जंगल कुठे विरळ झालं, कोणतं झाड कधी फळतं हे वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतं. पण आराखड्यात नकाशा आणि आकडे लागतात. इथे शिकलेल्या तरुणांची गरज पडते.

दोन्ही ज्ञानं कशी जुळतात?

सीताफळाचंच घ्या. फळाचे डोळे उघडले की ते तोडायला आलं, हे तोडणाऱ्यांना माहीत असतं. विज्ञान त्याचं कारण सांगतं: तयार झालेलं सीताफळ तोडल्यावरही इथिलीन वायूमुळे पिकत राहतं. म्हणून लांबच्या बाजारासाठी ते योग्य वेळी, पण कडक असतानाच तोडावं लागतं.

प्रत्येक जुनी पद्धत बरोबरच असते, असंही नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्यात रोपं जळतात, कधी वणवा पेटतो. झाडाखाली जाळी अंथरली तर आग लावावी लागत नाही. ठरावीक चौकोनात दरवर्षी रोपं मोजली, की बदल तरुणांना स्वतःच दिसतो. मात्र तो चौकोन कुठे आखायचा, हे जाणती माणसंच नीट सांगू शकतात.

भाषेचा अडसर

कोरकू ही मुंडा गटातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. २०११ च्या जनगणनेत ती ७ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवली. झाडांची, ऋतूंची नावं त्याच भाषेत आहेत. त्यामुळे वनस्पतीचं कोरकू, मराठी आणि शास्त्रीय नाव शेजारी-शेजारी लिहिणं हे पहिलं काम. घरात कोरकू आणि शाळेत मराठी बोलणारी मुलंच ते चांगलं करू शकतात.

नोंदलेलं ज्ञान कोणाचं?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक समित्या लोकजैवविविधता नोंदवही तयार करतात. त्यात वनस्पतींबरोबर त्यांच्या वापराचं ज्ञानही येतं. पण औषधी वनस्पतीची माहिती एकदा बाहेर गेली, की परत घेता येत नाही. म्हणून काय लिहायचं आणि काय गावातच ठेवायचं, हे सांगणाऱ्याला विचारूनच ठरवायला हवं.

सुरुवात कुठून करायची?

अमरावती-अकोल्यातल्या विद्यार्थ्यांनी आधी गावाची परवानगी घ्यावी. मग जाणत्या व्यक्तीबरोबर एकच वाट वर्षातल्या तिन्ही ऋतूंत चालावी, दिसेल ते नोंदवावं. शेवटी ती नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी. चुका तिथेच सापडतात.