दोघी जणी झाडाखाली बसल्या, तिथून सुरू झालेली गोष्ट



बाळंतिणीच्या उशाशी बसलेली कोणीतरी म्हणते, "हिला दूधच नाही." एवढं एक वाक्य पुरतं. दुसऱ्या दिवशी घरात डबा आणि बाटली येते. बाळ बाटलीवर पोट भरतं, अंगावर कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूध खरोखरच आटतं. आमच्या गटातल्या कितीतरी जणींनी हे स्वतः भोगलं आहे. म्हणून आज ही जुनी गोष्ट.

साल १९५६. अमेरिकेत तेव्हा बाळंतपणं दवाखान्यात होत. बाळाला आईपासून वेगळ्या खोलीत ठेवत आणि घड्याळ बघून पाजायला आणत. बहुतेक बाळं बाटलीवरच वाढत. आजीच बाटली देत आलेली, मग सुनेला शिकवणार कोण? अशा वेळी शिकागोजवळच्या एका सहलीत मेरी व्हाइट आणि मेरियन टॉम्पसन झाडाखाली बसून आपापल्या बाळांना पाजत होत्या. एकेक बाई जवळ येऊन विचारू लागली, "मला का नाही जमलं?"

त्या दोघींनी आणखी पाच मैत्रिणी जमवल्या आणि घरीच बैठका सुरू केल्या. सातही जणी आया होत्या. गटाला त्यांनी 'ला लेचे लीग' नाव दिलं. 'लेचे' म्हणजे स्पॅनिश भाषेत दूध. स्तन हा शब्द तेव्हा चारचौघांत चालत नव्हता, म्हणून परक्या भाषेचा आडोसा. एकीने दुसरीला दाखवायचं, दुसरीने तिसरीला, असा हा गट देशोदेशी पोचला. पुढे हेच काम शिकून करायचा व्यवसाय झाला. १९८५ साली स्तनपान सल्लागारांची पहिली परीक्षा झाली. म्हणजे या व्यवसायाचं मूळ बायकांच्या बैठकीत आहे.

आपल्याकडे अंगावर पाजणं कधी बंद पडलं नाही, पण दवाखान्यांत डबा शिरलाच. मुंबईच्या शीव रुग्णालयात दिवस न भरलेली, कमी वजनाची बाळं जंतुसंसर्गाने दगावत. तिथल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी डब्याचं दूध थांबवून आईच्या दुधावर भर दिला. ज्या बाळाला स्वतःच्या आईचं दूध मिळत नाही, त्याच्यासाठी १९८९ मध्ये तिथे दूधपेढी उघडली. आशियातली ती पहिली. १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानासाठी झटणाऱ्यांनी देशव्यापी संघटना उभी केली. १९९२ मध्ये कायदा आला. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायची नाही, आयांना फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही. ते गुटगुटीत बाळ डब्यावरून गेलं, ते या कायद्याने.

आता आपलं काम. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका, तो बाळाला पाजा. पाजताना नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. बोंडाला चिरा पडतात, बाळ रडत राहतं, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. पहिला आठवडा सरता सरता बाळ दिवसरात्रीत सहा वेळा किंवा जास्त लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई दीड महिन्यात सहा वेळा घरी येते. तिच्यासमोर बाळाला पाजा, लाजू नका. छातीत गाठ झाली, ताप आला, बाळ सुस्त पडलं, तर लगेच दवाखाना गाठा.

काही आयांना खरंच दूध कमी येतं. त्यांना दोष देऊ नका. डॉक्टर सांगतील ते बाळाला द्या. पण "हिला दूधच नाही" असं म्हणायच्या आधी एकदा तिच्याजवळ बसा आणि बाळ कसं धरलंय ते बघा. त्या सात जणींनीही एवढंच केलं होतं.