लेजिओनेला म्हणजे काय? कोमट पाण्यात वाढणारा न्यूमोनियाचा जिवाणू

कोल्हापुरात पावसाळा लागला की गच्चीवरचा सोलर नावालाच उरतो. नळ सोडला की पाणी ना गरम ना गार, नुसतं कोमट. आपण कुरकुरत अंघोळ उरकतो. पण असं साचलेलं कोमट पाणी एका जिवाणूला फार मानवतं. त्याचं नाव लेजिओनेला. हा जिवाणू शरीरात कसा जातो आणि घरात काय काळजी घ्यायची, ते आजच्या लेखात सोप्या भाषेत पाहू.

हे नाव कसं पडलं?

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन एका हॉटेलात भरलं होतं. त्यानंतर काही दिवसांतच २०० हून अधिक लोक न्यूमोनियासारख्या आजाराने आजारी पडले आणि ३४ जण दगावले. कारण कित्येक महिने सापडत नव्हतं. अखेर जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड या शास्त्रज्ञांनी हा जिवाणू शोधल्याचं जाहीर झालं. लीजनवरून त्याचं नाव लेजिओनेला पडलं.

तो कुठे वाढतो?

नदी-तलावात तो थोड्या प्रमाणात असतोच. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी साचून राहिलं की तो झपाट्याने वाढतो. २० अंशांखाली त्याची वाढ मंदावते, ६० अंशांच्या वर तो मरू लागतो. म्हणजे नळाला पाणी शुद्ध होऊन आलं तरी पुढची टाकी, सोलर, पाइप आणि शॉवर ही आपली जबाबदारी. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात तो लपून बसतो.

शरीरात कसा जातो?

पाणी प्यायल्याने सहसा नाही. शॉवर, कारंजं किंवा मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमधून उडणारे बारीक तुषार श्वासातून फुफ्फुसात गेले की धोका असतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार सहसा होत नाही. घरातला स्प्लिट एसी हवा थंड करायला पाणी वापरत नाही, त्यामुळे त्याची भीती नको.

लक्षणं आणि उपचार

साधारण २ ते १४ दिवसांत जोराचा ताप, खोकला, धाप, अंगदुखी. कधी जुलाब, कधी भ्रमिष्टासारखं बोलणं. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसतो, पण तो कोणत्या जिवाणूमुळे झाला हे कळत नाही. त्यासाठी लघवीची किंवा बेडक्याची वेगळी तपासणी लागते. हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो, म्हणून पेनिसिलिन गटातली औषधं इथे चालत नाहीत. अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं लागतात, तीही डॉक्टरांनी दिली तरच. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका.

धोका कोणाला जास्त?

पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, मधुमेह किंवा फुफ्फुसांचा आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक. तरुण, धडधाकट माणसाला क्वचितच होतो. म्हणजे गिझरचं सेटिंग तुम्ही बदलायचं, पण ते आजी-आजोबांसाठी.

घरी काय करायचं?

• साठवणीच्या गिझरचं तापमान ६० अंशांवर ठेवा. अंघोळीला मात्र बादलीत गार पाणी मिसळूनच घ्या, नाहीतर भाजेल.
• सुट्टीहून आल्यावर सगळे नळ काही मिनिटं सोडून द्या. तुषार उडू नयेत म्हणून शॉवरचं तोंड बादलीत धरा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखं घर बरेच दिवस बंद राहिलं, तर आधी टाकी धुऊन घ्या.
• शॉवरची जाळी काढून अधूनमधून घासा. टाकीचं झाकण घट्ट बसवा.
• कूलरचं पाणी बदलत राहा. वापर संपला की पूर्ण रिकामा करून वाळवा.
• नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी कधीच घालू नका.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: घरात कोणाला न्यूमोनिया झाला आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांत ते हॉटेलात राहिले असतील किंवा बंद घर उघडून तिथलं पाणी वापरलं असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. त्या एका वाक्यामुळे योग्य तपासणी लवकर होऊ शकते.