विश्वस्त आणि लाभार्थी : पूर्व जर्मनीच्या ‘ट्रॉयहांड’ची कथा

१९९३ च्या जुलै महिन्यात जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, बिशोफरोडे नावाच्या लहानशा गावी, पोटॅशच्या खाणीतले कामगार उपोषणाला बसले. त्यांच्या मालाला पश्चिम युरोपात ग्राहक होते, तरीही खाण बंद करण्याचा निर्णय झाला होता. ज्या संस्थेवर त्यांचा रोष होता, तिचे नाव ट्रॉयहांडआनस्टाल्ट. मराठीत सरळ अर्थ सांगायचा तर ‘विश्वस्त संस्था’. लाभार्थींनी विश्वस्ताविरुद्धच अन्न सोडावे अशी वेळ कशी आली, ते या धाग्यात पाहू.

या संस्थेची मूळ कल्पना विक्रीची नव्हतीच. बर्लिनची भिंत पडल्यानंतर, १९९० च्या फेब्रुवारीत, वोल्फगांग उलमान या धर्मशास्त्रज्ञाने व त्याच्या नागरी चळवळीतील सहकाऱ्यांनी एक प्रस्ताव मांडला. कारखाने चाळीस वर्षे कागदोपत्री ‘जनतेची मालमत्ता’ होते. मग राज्य विलयाला जात असताना त्या मालमत्तेचे हक्क प्रत्यक्ष नागरिकांच्या नावे करावेत आणि तोवर ती विश्वस्ताने सांभाळावी. १ मार्च रोजी हान्स मोद्रो यांच्या सरकारने ट्रॉयहांड स्थापन केली, पण नागरिकांच्या हिश्श्याचा भाग त्यातून गळला. १८ मार्चच्या निवडणुकीत शीघ्र एकीकरणाचे पक्ष जिंकले आणि १७ जूनच्या नव्या कायद्याने संस्थेचा हेतूच पालटला. जनतेच्या मालमत्तेचे खासगीकरण करावे, हे आता तिचे पहिले कर्तव्य ठरले. साडेतीन महिन्यांत राखणदाराचा विक्रेता झाला. सुमारे ८,००० उद्योग आणि त्यांतील जवळपास ४० लाख कामगार तिच्या हाती आले.

तथापि या कथेतील सर्वांत निर्णायक तारीख ट्रॉयहांडची नाही. ती आहे १ जुलै १९९०, चलन-एकीकरणाची. त्या दिवशी पूर्व जर्मन मार्क जाऊन पश्चिमेचा डॉइच मार्क आला. वेतन आणि निवृत्तिवेतन एकास एक दराने बदलले गेले. बचतही ठरावीक मर्यादेपर्यंत त्याच दराने. सामान्य माणसाच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. उद्योगांचे गणित मात्र निराळे होते. निर्यातीतून एक डॉइच मार्क मिळवण्यासाठी पूर्व जर्मनीला स्वतःचे चारांहून अधिक मार्क खर्चावे लागत, असा तिचा अंतर्गत हिशेब होता. म्हणजे एका रात्रीत कारखान्यांचा खर्च चौपटीहून महाग झाला. पोलंडने आणि चेकोस्लोव्हाकियाने याच सुमारास आपापल्या चलनाचे अवमूल्यन करून निर्यातीला आधार दिला होता. येथे नेमके उलटे घडले. पश्चिम जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने दोनास एक दर सुचवला होता. परंतु रोज सुमारे दोन हजार माणसे पश्चिमेकडे निघून जात असताना राजकारण्यांना हिशेबाच्या वहीपेक्षा रेल्वे फलाटावरची गर्दी अधिक दिसत होती. त्यांना सर्वस्वी दोष देणे मला कठीण जाते.

त्यात आणखी एक तांत्रिक वाटणारा, पण घातक भाग होता. नियोजित अर्थव्यवस्थेत कारखान्याचा नफा शासन काढून घेई आणि गुंतवणुकीसाठी त्याच कारखान्याला सरकारी बँकेचे ‘कर्ज’ देई. सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला हा पैसा. एकीकरणानंतर मात्र ही नोंद दोनास एक दराने खरे, व्याज मागणारे कर्ज ठरली.

संस्थेचे अध्यक्ष डेटलेव रोवेडर हे डॉर्टमुंडचा पोलाद उद्योग सावरून आलेले अनुभवी व्यवस्थापक होते. १९९० च्या ऑक्टोबरात त्यांनी एकूण मालमत्तेचे मूल्य अंदाजे ६०० अब्ज मार्क सांगितले होते. १ एप्रिल १९९१ च्या रात्री ड्युसेलडॉर्फ येथे त्यांच्या घराच्या खिडकीतून गोळी झाडून त्यांची हत्या झाली. ‘रेड आर्मी फॅक्शन’ने जबाबदारी घेतली, गोळी कोणी झाडली हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

त्यांच्या जागी आलेल्या बिर्गिट ब्रॉयेल यांनी वेग वाढवला. अनेक उद्योग एका मार्काच्या नाममात्र किमतीला गेले. त्या बदल्यात खरेदीदाराने नोकऱ्या आणि गुंतवणूक यांची हमी द्यायची. येनाच्या झाइस कारखान्याचा एक भाग प्रचंड सरकारी मदतीने ‘येनॉप्टिक’ म्हणून तगला. वोल्फेनचा फिल्म कारखाना मात्र बुडाला. त्याची ‘ओर्वो’ फिल्म आपल्याकडे रुपयांतल्या व्यापारामुळे येत असे. जुन्या छायाचित्रकारांच्या कपाटात तिचे डबे अजूनही सापडतील. दुकाने, औषधालये, उपाहारगृहे बव्हंशी स्थानिकांनी घेतली. मोठ्या उद्योगांपैकी सुमारे ८५ टक्के पश्चिम जर्मनांकडे गेले. पूर्वेकडील लोकांच्या वाट्याला जेमतेम ५ टक्के आले.

आता पुन्हा बिशोफरोडेकडे. पूर्वेच्या पोटॅश खाणी पश्चिमेच्या ‘काली उंड झाल्झ’ या कंपनीत विलीन करायच्या होत्या आणि बाजारात माल आधीच जास्त होता. तेव्हा ग्राहक असलेली ही खाण बंद करून उत्पादन घटवायचे ठरले. विलीनीकरणाचा करार कामगारांना दाखवला गेला नाही; तो वर्षानुवर्षे गोपनीय राहिला. ३१ डिसेंबर १९९३ रोजी खाणीला टाळे लागले. तिचे नाव ‘थॉमस म्युंत्सर’ होते, सोळाव्या शतकातील शेतकरी उठावाच्या नेत्याच्या स्मरणार्थ.

ट्रॉयहांडने एक निरोगी अर्थव्यवस्था लुटली, असे अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. यंत्रे जुनाट होती, सोव्हिएत बाजारपेठ कोसळली होती आणि जुलैचा आघात संस्थेच्या हातचा नव्हता. परंतु ज्यांची मालमत्ता म्हणून तिची स्थापना झाली, त्यांना विक्रीच्या अटी वाचण्याचाही अधिकार तिने दिला नाही. गावाचे एकमेव पोट ज्या कागदावर अवलंबून आहे तो कागद दडवणे, याला आर्थिक अपरिहार्यता म्हणता येत नाही.

संस्थेचे मुख्यालय बर्लिनच्या एका अवाढव्य इमारतीत होते: आधी गोअरिंगचे विमान मंत्रालय, मग पूर्व जर्मनीचे मंत्रालय-भवन. १९५३ च्या जूनमध्ये कामगारांचा मोर्चा याच दारात आला होता. १९९४ च्या अखेरीस ब्रॉयेल यांनी तेथील नामफलक स्वतः स्क्रू काढून उतरवला. ६०० अब्जांच्या अंदाजाच्या जागी तोवर सुमारे २५० अब्ज मार्कांहून अधिक तूट उभी होती, आणि ती जुन्या कर्जांच्या फेडीसाठी काढलेल्या एका निधीकडे वर्ग झाली. एकीकरणाच्या कराराच्या २५ व्या कलमात एक तरतूद होती, की पुढेमागे पूर्वेकडील बचतदारांना या मालमत्तेतील हिश्श्याचे लेखी हक्कपत्र देता येईल. ते हक्कपत्र कोणालाच मिळाले नाही.