तळटीप : १३३ आणि १५००

* कामठीतल्या संगणकदुरुस्तीच्या या प्रसंगात लेखकाने ‘आयडीई १३३’ आणि ‘साटा १५००’ हे आकडे शेजारी ठेवून नवी डिस्क अकरापट वेगवान ठरवली आहे. मजकूर तसाच ठेवला आहे. पण एकके वेगळी आहेत. आयडीईचे १३३ म्हणजे सेकंदाला १३३ मेगाबाइट. २००३च्या सुमारास बाजारात आलेल्या साटाचे १५०० मात्र मेगाबिट. त्यांना आठाने भागूनही भागत नाही. साटाच्या तारेवर दर ८ बिट १० बिटांच्या रूपात धावतात, म्हणून भागायचे दहाने. उत्तर १५० मेगाबाइट. फरक जेमतेम तेरा टक्के! त्यातही आयडीईला १३३ गाठायला ८० तारांची पट्टी लागे. जुनी ४० तारांची लावली, की वेग ३३वर. आणि तेव्हाच्या घरगुती डिस्कची तबकडीच सेकंदाला ५०-६० मेगाबाइटच्या फारशी पुढे जात नसे, त्यामुळे दोन्ही आकडे बरेचसे खोक्यावर छापण्यापुरतेच.

पुढे लेखक ४० गिगाबाइटची भरलेली डिस्क पिशवीत घालून बसने नागपूरला नेतो, तो हिशेब मात्र पक्का आहे. अंतर सुमारे १६ किलोमीटर; तासभर धरला तरी सेकंदाला ११ मेगाबाइट पडतात. यूएसबी १.१चा कमाल वेग १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. त्याने हीच नक्कल करायला सात तासांहून अधिक लागले असते. — संपादक