जुनी फटफटी : काय राखावें, काय बदलावें

मुळशी तालुक्यांतील माण हें गांव हिंजवडीच्या शेजारीं आहे. भातखाचरांच्या या मुलखांत संगणक-उद्योगाच्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, ती अलीकडची गोष्ट. त्यापूर्वीं अशा गांवांतून पुण्यास जा-ये करणाऱ्या गृहस्थाची मोटरसायकल म्हणजे घरची मोठी मत्ताच असे. लोक तिला कौतुकानें फटफटी म्हणत. मालक थकला कीं ती पडवींत किंवा गोठ्याच्या आडोशास उभी राही, आणि मुळशीच्या पावसाळी हवेनें तिला गंज चढे. पुढें नातवास ती पुन्हां चालती करावीशी वाटते, तेव्हां त्याच्यापुढें पहिला प्रश्न येतो तो हा, कीं हिच्यांतील काय राखावें आणि काय बदलावें? हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा आहे. वस्तुतः तो इतिहासाचा आहे.

'जावा' या गाडीचें उदाहरण घेतलें म्हणजे हें स्पष्ट होतें. १९२९ सालीं झेकोस्लोव्हाकियांत फ्रांटिशेक यानेचेक यांनीं 'वाण्डरर' या जर्मन कारखान्याच्या मोटरसायकलीचे हक्क घेतले, आणि दोन्ही नांवांच्या रोमन आद्याक्षरांपासून 'जावा' हें नांव सिद्ध झालें. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान सरकारनें परदेशी वाहनांची आयात आवळत आणली. तेव्हां रुस्तम व फारुख इराणी यांनीं १९६० सालीं म्हैसूर येथें 'आयडियल जावा' ही कंपनी स्थापिली, आणि १९६१ पासून तेथें अडीचशें घनसेंटिमीटरच्या 'टू-स्ट्रोक' इंजिनाच्या गाड्या बनूं लागल्या. १९७३ पासून त्या 'येझदी' या नांवानें निघाल्या. १९९६ सालीं कारखाना बंद पडला. आरंभीं बरेचसे भाग झेकोस्लोव्हाकियांतून येत. मग हळूहळू त्यांची जागा देशी भागांनीं घेतली. म्हणून त्या काळची गाडी ही नुसती गाडी नव्हे; हा देश यंत्रें घडविण्यास कसा शिकला, याचा तो एक लोखंडी दस्तऐवज आहे. तिच्यावरील झेक ठशाचा भाग भंगारांत टाकून नवा चकचकीत भाग बसविला, तर त्या दस्तऐवजाचें एक पान फाडल्यासारखें होतें.

तथापि 'जुनें तें सोनें' ही म्हण यंत्रास सरसकट लागू पडत नाहीं. कांहीं भाग झिजण्याकरितांच घडविलेले असतात. टायर, ब्रेकचें अस्तर, तारा, बेअरिंगें, पिस्टनच्या कड्या आणि रबरी सील हे त्यांपैकीं होत. टू-स्ट्रोक इंजिनांत भुजादंडाच्या टोकांचें सील फाटलें, तर बाहेरची हवा आंत शिरते, मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, इंजिन अतिशय तापतें आणि पिस्टन जागच्या जागीं जखडतो. असें सील केवळ मूळचें म्हणून राखणें म्हणजे दोन दिडक्यांच्या रबराकरितां मूळच्या इंजिनाचा बळी देणें होय. शिवाय २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशांत टप्प्याटप्प्यानें आलें. तें जुन्या रबरास मानवत नाहीं; तेव्हां पेट्रोलची नळी त्यास टिकेल अशीच घालावी.

सांगाडा, इंजिनाचें कवच आणि टाकी यांची गोष्ट निराळी. सांगाडा व इंजिन यांवर ठोकलेले क्रमांक नोंदणीपुस्तकांतही असतात. त्यांवरूनच गाडीची ओळख पटते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांतही सांगाडा, बाह्य कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तडा गेला तर तो सांधावा. भागच बदलूं नये.

मधल्या भागांविषयींच खरा विवेक लागतो. सिलिंडर झिजला तर तो आंतून किंचित् मोठा कोरून मापाचा नवा पिस्टन घालतां येतो. कोरण्यास धातु उरला नाहीं, तर आंत नवें अस्तर बसवितां येतें. असें केल्यानें बाहेरचा मूळ सिलिंडर राहतो. रंगाचेंही तसेंच. टाकीचा किरमिजी रंग स्वाराच्या गुडघ्यांनीं जेथें घासला गेला, तेथें त्या घराचीं कित्येक वर्षें उमटलेलीं असतात. गंजानें पत्रा खाल्ला नसेल तर तो रंग स्वच्छ करून मेण लावणें पुरे. नवा रंग केव्हांही देतां येतो. खरडलेला जुना पुन्हां येत नाहीं.

शेजारच्या मावळांत कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतास सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या लांकडी कमानी अद्यापि आहेत. त्या काळवंडल्या म्हणून कोणी नव्या सागवानाच्या बसविल्या असत्या, तर लेणें अधिक देखणें झालें असतें, पण प्राचीन सुतारांची साक्ष मात्र कायमची गेली असती. १९६४ सालीं व्हेनिस येथें वास्तुरक्षणाची जी संहिता ठरली, तिचेंही सार हेंच, कीं जेथें तर्क सुरू होतो, तेथें जीर्णोद्धार थांबावा, आणि नवें काम जुन्यापासून ओळखूं यावें.

म्हणून काढलेला प्रत्येक भाग एका पेटींत ठेवावा, आणि कोणता भाग कोणत्या सालीं व कां बदलला याची वहींत नोंद करावी. आज निरुपयोगी वाटणारा कार्बुरेटर उद्यां कोणास दुरुस्त करतां येईल. गाडी रस्त्यावर धांवली म्हणजे नातवाची हौस फिटते. पण ती पेटी आणि ती वही असली, तर त्याच्या पुढच्या पिढीसही खरें काय होतें तें कळूं शकतें.