इंग्रजी साहित्य व सर्जनशील लेखनाचे विद्यापीठीय शिक्षण

इंग्रजी साहित्य व सर्जनशील लेखन हे मानव्यविद्या शाखेतील परस्परसंबद्ध अभ्यासविषय आहेत. पहिल्यात साहित्यकृतींचे वाचन, इतिहास आणि समीक्षा यांचा अभ्यास होतो. दुसऱ्यात विद्यार्थी स्वतः कथा, कविता, नाटक वा ललित गद्य लिहून त्याचे पुनर्लेखन करतो. महाराष्ट्रात पहिला विषय रूढ आहे, तर दुसरा बहुधा त्याचाच एक भाग म्हणून शिकवला जातो.

पार्श्वभूमी

सर्जनशील लेखनाला स्वतंत्र विद्यापीठीय विषयाचे रूप प्रामुख्याने अमेरिकेत मिळाले. आयोवा विद्यापीठातील लेखन कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली असा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. मराठी कवी दिलीप चित्रे १९७०च्या दशकात आयोवा येथील आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात सहभागी झाले होते. त्यांनी केलेल्या तुकारामांच्या अभंगांच्या इंग्रजी अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला.

मराठी साहित्याशी संबंध

इंग्रजीचे अध्यापन करून मराठीत लिहिण्याची परंपरा मोठी आहे. बा. सी. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते व पुढे आकाशवाणीच्या सेवेत गेले. विंदा करंदीकरांनी इंग्रजी शिकवले, तसेच ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र व शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ मराठीत आणले. २००३चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचे लेखक भालचंद्र नेमाडे हेही इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांना २०१४चे ज्ञानपीठ मिळाले. याउलट, जाहिरात क्षेत्रात काम केलेले किरण नगरकर ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) या मराठी कादंबरीनंतर इंग्रजीकडे वळले. परभाषेचा अभ्यास मातृभाषेतील लेखनाला मारक ठरतोच असे नाही, हे या उदाहरणांतून दिसते.

कळंब व परिसरातील शिक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे ठिकाण चिंतामणी गणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या (आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) कार्यक्षेत्रात येतात. त्यापूर्वी ती नागपूर विद्यापीठाकडे होती. वर्धा–कळंब रेल्वेमार्ग फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाल्याने वर्धा जोडले गेले. तेथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात अनुवादाचे शिक्षण मिळते.

बी.ए.ला सर्वांसाठी असलेली अनिवार्य इंग्रजी आणि ऐच्छिक इंग्रजी साहित्य हे वेगळे विषय आहेत. प्रवेश घेताना हा भेद न समजल्यास पुढे एम.ए.च्या वेळी अडचण येऊ शकते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले वर्ष जड जाते. त्याची मुख्य उणीव बुद्धीची नसून वाचनाच्या सवयीची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नमुना अभ्यासक्रमात सर्जनशील लेखन व अनुवाद यांचा समावेश होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने इंग्रजी सर्जनशील लेखनाची पदविका दूरशिक्षणाने उपलब्ध केली.

पुढील संधी

* शालेय अध्यापन: पदवीनंतर बी.एड. आणि शासनाने ठरवलेल्या पात्रता परीक्षा आवश्यक.
* महाविद्यालयीन अध्यापन: सहायक प्राध्यापकपदासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि सर्वसाधारणपणे नेट किंवा सेट. पात्रताधारकांच्या तुलनेत पूर्णवेळ पदे थोडी असल्याने अनेकांना तासिका तत्त्वावर काम करावे लागते; त्यात वर्षभराच्या वेतनाची हमी नसते.
* अनुवाद व संपादन: प्रकाशनसंस्था, वृत्तपत्रे, न्यायालये आणि शासकीय कार्यालये. येथे दोन्ही भाषांवर प्रभुत्व लागते.
* माध्यमे: पत्रकारिता, आकाशवाणी, जाहिरात, पटकथा व उपशीर्षक लेखन.
* स्पर्धा परीक्षा: केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजी तसेच मराठी साहित्य हे वैकल्पिक विषय घेता येतात, प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात.

केवळ साहित्यलेखनावर उपजीविका करणारे लेखक मराठीत विरळा आहेत. त्यामुळे लेखनाला पूरक अशी नोकरी किंवा कौशल्य आधी मिळवणे हाच बहुतेकांचा मार्ग राहिला आहे.

हेही पहा

* संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
* कळंब तालुका
* अनुवाद