बेनेट, रॉबर्ट रसेल

(१५ जून १८९४ – १८ ऑगस्ट १९८१). अमेरिकन ऑर्केस्ट्रेटर व संगीतरचनाकार. सुमारे ३०० संगीतिकांचे वाद्यवृंदलेखन त्यांनी पूर्णतः वा अंशतः केले. विसाव्या शतकात ब्रॉडवेचा म्हणून जो वाद्यवृंद कानांत बसला, तो घडविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

जीवन : जन्म मिसूरी राज्यातील कॅन्झस सिटी येथे, संगीतकार कुटुंबात. बालपणी पोलिओ झाल्यावर कुटुंब फ्रीमनजवळच्या शेतावर राहायला गेले. आई पियानो शिकवीत, वडील बँड चालवीत. बँडमधला एखादा वादक आला नाही की त्याचे वाद्य हा मुलगा हाती घेई. वाद्यांची त्यांची जाण अशी वाजवण्यातून आलेली होती. पुढे कार्ल बुश यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे धडे घेतले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कला येऊन जी. शर्मर या संगीत-प्रकाशनसंस्थेत ते स्वरलेखनाच्या नकला करू लागले आणि १९१९ मध्ये टी. बी. हार्म्स या संस्थेत अरेंजर झाले. १९२६ पासून काही काळ त्यांनी पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे अध्ययन केले.

कार्यपद्धती : संगीतकार साधारणतः चाल आणि पियानोची साथ लिहून देतो. ती पंचवीस-तीस वादकांत कशी वाटायची, हे ऑर्केस्ट्रेटर ठरवतो. गायकाची पट्टी आणि नृत्याची लांबी तालमीत नक्की होते, त्यामुळे बहुतेक लेखन प्रयोग तोंडावर आल्यावर करावे लागते. पट्टी उतरवली की आधीचे लेखन जसेच्या तसे खाली सरकवून भागत नाही. व्हायोलिनला दिलेला खालचा स्वर वाद्याच्या आवाक्याबाहेर जातो. तो व्हायोलाला द्यावा लागतो आणि मग सबंध तंतुवाद्यांची मांडणीच बदलते. एकच वादक फ्लूट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन आळीपाळीने वाजवणार असेल, तर वाद्य बदलण्यापुरत्या मात्रा त्याला मोकळ्या सोडाव्या लागतात. त्या काळी गायक सहसा ध्वनिक्षेपकाशिवाय गात. म्हणून शब्द चालू असताना पितळी वाद्ये आवरायची, तंतुवाद्यांचा आधार हलका ठेवायचा आणि गायक श्वास घेईल त्या फटीत लाकडी सुषिरवाद्यांची एखादी फिरत घालायची, अशी काळजी ओळीओळीला घ्यावी लागे. बेनेट यांच्या लेखनात गाण्यातला शब्द वाद्यांखाली दबत नाही, हे त्यांचे मोठेपण.

प्रमुख कार्य : जेरोम कर्न यांच्या ‘शो बोट’ (१९२७) या संगीतिकेने त्यांचे स्थान पक्के केले. रिचर्ड रॉजर्स यांच्या ‘ओक्लाहोमा!’ (१९४३), ‘साउथ पॅसिफिक’ (१९४९), ‘द किंग अँड आय’ (१९५१) व ‘द साउंड ऑफ म्यूझिक’ (१९५९), कोल पोर्टर यांची ‘किस मी, केट’ (१९४८), तसेच फिलिप लँग यांच्यासह केलेली ‘माय फेअर लेडी’ (१९५६) ही त्यांची गाजलेली कामे. ‘ओक्लाहोमा!’चे ब्रॉडवेपूर्व प्रयोग चालू असताना शीर्षकगीत समूहगीत करण्याचे ठरले. त्याची समूहस्वरांची मांडणीही बेनेट यांचीच. ‘साउथ पॅसिफिक’च्या प्रारंभिकेत ‘बाली हाय’ या गीताचे पहिले तीन स्वर पूर्ण वाद्यवृंद जोरकसपणे वाजवतो. तेच स्वर पुढे गाण्यात दूरच्या बेटाचे आमंत्रण होऊन येतात. ‘व्हिक्टरी ॲट सी’ (१९५२–५३) या २६ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी रॉजर्स यांनी मोजक्या धुना दिल्या. त्यांवरून प्रत्यक्ष पार्श्वसंगीत उभे केले ते बेनेट यांनी. त्यांच्या स्वतंत्र रचनांपैकी ‘स्वीट ऑफ ओल्ड अमेरिकन डान्सेस’ (१९४९) ही बँडसाठीची रचना आजही वाजवली जाते. ‘इन्स्ट्रुमेंटली स्पीकिंग’ (१९७५) या ग्रंथात त्यांनी आपल्या विद्येची मांडणी केली.

सन्मान व मूल्यमापन : ‘ओक्लाहोमा!’ चित्रपटाच्या (१९५५) संगीतासाठी त्यांना इतर दोघांसह ऑस्कर मिळाले. वाद्यवृंदलेखनासाठी टोनी पुरस्कार मात्र १९९७ पासून दिला जाऊ लागला, तोवर ते हयात नव्हते; २००८ मध्ये त्यांना मरणोत्तर विशेष टोनी देण्यात आला. चाल संगीतकाराची असते, पण ती कोणत्या वाद्याच्या तोंडून, किती दाटीने आणि कोणत्या क्षणी ऐकू यावी, हा निर्णय बेनेट यांचा होता. श्रोत्यांच्या स्मरणात राहिलेला या संगीतिकांचा नाद त्या निर्णयांतून आला आहे. म्हणून त्यांचे श्रेय नोंदवताना संगीतकारांच्या शेजारी बेनेट यांचे नाव लिहिणे न्याय्य आहे.